उनोस सरांचं माप

आमच्या घरी भाकरी मोजून थापल्या जायच्या, त्या दिवसांत मला एक माणूस भेटला जो काहीच मोजत नव्हता.

भाकरी मोजू नयेत, ताटावर बसलेल्याचे घास मोजू नयेत, घरातली माणसं तर कधीच मोजू नयेत, मोजलं की कमी होतं, हे आमच्या रेणापूर भागात पोरीला चूल पेटवायच्या आधी शिकवतात. माय तेच शिकून आलेली. पण बा लातूरच्या आडत बाजारात हमाल. सोयाबीनच्या हंगामात भरलं पोतं पाठीवर घेताना त्याची कंबर गेली आणि तो भिंतीकडं तोंड करून पडला. मग माय एकटी लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. संध्याकाळी ती ज्वारीच्या डब्यात हात घालायची आणि तळ लागला की हात तसाच आत ठेवून जरा वेळ बसायची. एकदा ती चुलीपुढं ओठ हलवताना मला दिसली.

"मोजती व्हय, माय?"

"मोजत न्हाई," ती म्हणाली. "ध्यानात ठेवती."

मी तेव्हा लातूरला मेडिकलच्या क्लासला होते. दहावीला मार्क चांगले पडले की आमच्याकडं पोराला तिथंच घालतात, दुसरा रस्ता कुणाला ठाऊक नसतो. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. दुसऱ्या वर्षी बाची कंबर गेली आणि क्लास सुटला. मी एका साध्या कॉलेजात बी. ए. ला नाव घातलं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली, हे मी कुठंही मान वर करून सांगते. पण तेव्हा ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. बी. ए. म्हणजे लातूरात पडलेल्या पोरांचं ठिकाण.

क्लासच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिन्यानं चढून गेलं की सरांची खोली होती. खाली पाटी होती, 'स्पॅनिश शिका'. उन्हानं रंग उडालेला. वर येणारी निम्मी माणसं भलत्याच क्लासचा पत्ता विचारायला यायची. सर त्यांना पाणी द्यायचे, पत्ता सांगायचे आणि वर म्हणायचे, "आलाच हाव तर बसा थोडं." मीही तशीच बसले. जुन्या क्लासमधली माझी पुस्तकं परत न्यायला आले होते, जिना चुकला.

पलीकडच्या खोलीत फिजिक्सचा क्लास. तिथले सर माईकवर शिकवायचे. भिंत पातळ. त्यांचे आकडे आमच्या खोलीत येऊन पडायचे. रस्त्यावर पाहावं तिकडं पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क. लातूरात माणसाची ओळखच आकड्यानं होते. त्या आकड्यांच्या मधोमध हा माणूस बसला होता, ज्याला कशाचाही आकडा विचारावा आणि त्यानं तो देऊ नये.

"सर, क्लासात पोरं किती?"

"हायत की. उनोस."

"पुण्यात किती वर्षं होता?"

"उनोस आन्योस. काही वर्षं."

"वय किती, सर?"

"उनोस." मग हसून, "दात हायत अजून."

म्हणून पोरांनी त्यांचं नाव उनोस सर पाडलं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडायचंही. फक्त एकदा एका पोरानं लग्नाचं विचारलं तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं. "ते मात्र एकबी न्हाई, बाबा."

सर मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरकडचे. हैदराबादेत स्पॅनिश शिकले, पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षं भाषांतराचं काम केलं. आई आजारी पडली म्हणून गावाकडं आले. आई गेली, पण ते परत पुण्याला गेले नाहीत. कुणीतरी सांगितलं लातूरात शिकवण्या चालतात. लातूरात शिकवण्या चालतात हे खरं. कशाच्या चालतात हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. पोरं टिंगल करायची.

"सर, हे शिकून लातूरात बोलायचं कुणाशी?"

"तुझ्या सासूशी बोल. तिला कळायचं न्हाई, भांडण टळंल."

सगळे हसायचे. पण सर हसून झाल्यावर खिडकीकडं बघत राहायचे, ते मला दिसायचं. आलेली पोरं थोडे दिवस बसायची आणि जायची. एकही पोर त्यांच्या हाताखालून स्पॅनिशच्या वरच्या परीक्षेपर्यंत पोचलं नव्हतं. हे ते कधी बोलले नाहीत. फळ्याशेजारी परीक्षेचा एक नमुना पेपर चिकटवलेला होता, त्याचे कोपरे पिवळे झाले होते, एवढंच.

मला आठवतो तो अनेकवचनाचा धडा. टेबलावर पुस्तक ठेवलं. "उन लिब्रो, एक पुस्तक. उना मेसा, एक टेबल. एक म्हणलं की विषय संपला." मग त्यांनी खडूचा अख्खा खोका टेबलावर पालथा केला. खडू गडगडत खाली गेले. आम्ही सवयीनं मोजायला लागलो, तसा त्यांनी ढिगावर हात ठेवला.

"काय करून राहिले? मोजू नका. नाव सांगा. उनास तिसास. काही खडू. पुल्लिंगी असंल तर उनोस, स्त्रीलिंगी असंल तर उनास. खडू तिकडं स्त्रीलिंगी. किती ते न्हाई सांगायचं. हायत, एवढं सांगायचं."

मी म्हणाले, "सर, पण 'उन' म्हणजे एक. एकाचं अनेकवचन कसं हो होईल? एक म्हणजे एकच ना?"

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाजारात जाऊन तू काय म्हणतीस? 'वीसेक लिंबं द्या.' म्हणतीस का न्हाई?"

"म्हणते."

"मग त्या वीसेकमधला 'एक' कुणाचा हाय? स्पेनवाल्याचा का तुझ्या बापाचा? त्येबी तसंच म्हणत्यात. उनोस वेइंते लिमोनेस. वीसेक लिंबं. इतक्या लांब राहून दोघांच्या तोंडात एकच गोष्ट आली बघ."

त्या दिवशी घरी जाताना मी एसटीत बसून वीसेक, पन्नासेक, शंभरेक असं पुटपुटत होते. आपल्या घरातली भाषा कुणीतरी एवढ्या लांबच्या भाषेशेजारी पाटावर बसवली, याचंच मला अप्रूप. मेडिकलच्या क्लासात माझ्या बोलण्याला पोरं हसायची.

न मोजण्याचं खूळ कुठून आलं, हे सरांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या लहानपणी खळ्यावर रास मापायला एक म्हातारा यायचा. पहिलं माप पोत्यात ओतताना तो 'एक' म्हणायचा नाही. 'लाभ' म्हणायचा. लाभ, मग दोन, मग तीन. "बापाला विचारलं, असं का? बाप म्हणला, एक म्हणलं की मन शेवटाकडं पळतं. लाभ म्हणलं की मन राशीपाशी राहतं." सरांच्या बापाची रास कधी मोठी नसायची. आमच्याकडंही लाभच म्हणतात. पण आमच्या घरात रास कधी आली नाही, त्यामुळं तो शब्द मी लोकांच्या खळ्यावरच ऐकलेला.

येळवसेला सर आमच्याकडं आले होते. येळवस म्हणजे आमच्या लातूर भागातली वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळी गावं रानात जाऊन जेवतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. आमचं रान नाही. माय ज्यांच्याकडं खुरपायला जायची, त्यांच्याच रानात आम्हाला बोलावणं होतं. कडब्याच्या कोपीपुढं घोंगडी अंथरलेली. मिसळीच्या भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे. माय वाढत होती. धान्य दुसऱ्याचं, म्हणून तिचा हात मोकळा सुटला होता.

"मास्तर, उंडे किती देऊ?"

"द्या की, ताई. उनोस."

"म्हंजी?"

"म्हंजे तुमचा हात थांबंल तवर."

माय हसली. बाची कंबर गेल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. नंतर भांडी घासताना मला म्हणाली, "येडा हाय तुझा मास्तर. पर जेवताना वर बघत न्हाई, चांगल्या घरचा हाय." मग राख हातात तशीच धरून म्हणाली, "आश्वे, यंदा काय त्ये परीक्षाचं जमलं तर जमलं. न्हाई तर पुढच्या हंगामाला माझ्यासंगं चल. मला एकटीला ओढंना आता."

मला वाईट वाटलं नाही. ती खरं तेच बोलत होती. हैदराबादच्या एका कंपनीत स्पॅनिशचं काम होतं, पण वरच्या पातळीचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं तर बाला तसल्या कमरेनं परत पोतं उचलायला जावं लागणार नव्हतं. नाही तर माझ्या हातात खुरपं. मधे काहीच नव्हतं. सरांना मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते मला एकटीला संध्याकाळी थांबवून घ्यायला लागले.

त्याच हिवाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. आधी बुटांच्या नाड्या सैल केल्या, मग बूट गेले आणि चपला आल्या. जिना चढून आले की टेबलाला धरून उभे राहायचे. आम्ही म्हणायचो, "सर, दवाखान्यात जा." ते म्हणायचे, "जाईन की." कधी, ते सांगायचे नाहीत. न मोजणाऱ्या माणसाचं हे एक वाईटच असतं. आम्ही हसून सोडून द्यायचो. शेवटी गेले तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. खोली सोडावी लागली. नांदेडला त्यांची थोरली बहीण होती, तिला ते आक्का म्हणायचे. तिच्या घरी राहून मशीनवर रक्त धुऊन घ्यायला जायला लागले. पाटी तशीच राहिली. पलीकडच्या फिजिक्सवाल्यांनी मधली भिंत पाडून खोली आपल्यात घेतली.

पण माझी शिकवणी बंद झाली नाही. मशीनवर पडल्या पडल्या ते फोन करायचे. मागं यंत्राची टीं टीं ऐकू यायची. "काय दिसून राहिलं समोर? सांग." मी आमच्या दारात बसून सांगायची: काही कोंबड्या, त्यांच्यामागं पळणारी माझी धाकटी बहीण मनी, काही गवऱ्या, बाची काठी, एक बंद पडलेली विहीर. चूक झाली की ते थांबवायचे. दमले की म्हणायचे, "आता तू बोल, मी ऐकून राहिलो." मी बोलत राहायची. कधी कधी पलीकडून बराच वेळ काही यायचं नाही. मी फोन कानाला लावून बसायची, आणि मग यायचं, "उना गायीना न्हाई गं, कोंबड्या लई हायत ना? उनास गायीनास."

परीक्षा पुण्यात. तोंडी परीक्षेला समोर एक बाई होत्या, गोड बोलणाऱ्या. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, घरात किती माणसं? सगळ्यांत सोपा प्रश्न. आणि माझी जीभ अडली. घरातली माणसं मोजू नयेत. परक्यापुढं तर नाहीच. हे मी ठरवून केलं नाही, ते हाडातच होतं. मी म्हणाले, "सोमोस उनोस क्वात्रो." आम्ही चारेक जण आहोत.

बाई हसल्या. "चारेक? नक्की माहीत नाही का तुला?"

खोलीतले दुसरे परीक्षकही हसले. कुणी वाईट मनानं हसलं नाही, पण मला क्लासातली पोरं आठवली. त्यापुढं मी काय बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. लेखी परीक्षेत पास झाले आणि तोंडीत पडले.

नांदेडला फोन करून सांगितलं. रडत नव्हते, पण आवाज तसाच होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढे हसले की त्यांना ढास लागली. आक्का मागून ओरडली, "आरं, जीव जाईल की तुझा!"

"चारेक माणसं!" ते म्हणाले. "पोरी, तुझी स्पॅनिश चुकली न्हाई. तू तुझ्या मायची लेक हायस, एवढंच झालं." मग आवाज खाली आला. "पण ऐक. मी तुला न मोजायला शिकवलं, ते घरासाठी. परीक्षेत मोजायचं. तिथं मोजल्यानं कुणाचं काही कमी होत न्हाई. परत बस."

माय म्हणाली होती यंदा. पुढची परीक्षा हंगामाच्या तोंडावर होती. मी मायला विचारलं. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "मास्तर काय म्हणतो?"

"परत बस म्हणतात."

"मग बस."

त्या महिन्यांत तिनं भाकरी अजून कमी थापल्या. मीही ध्यानात ठेवत होते.

दुसऱ्या वेळी परीक्षक वेगळे होते, एक म्हातारे गृहस्थ. विचारतील का, नाही विचारणार, असं मनात चाललेलं, आणि त्यांनी विचारलंच. घरात कोण कोण? किती जण? मी मोजलं. माय, बा, मनी, मी. आणि म्हणाले, "सोमोस सिंको." आम्ही पाच जण आहोत. पुढं कोण काय करतं ते सगळं सांगितलं. पाचव्याबद्दल सर्वांत जास्त बोलले. ते गृहस्थ लिहायचं थांबवून ऐकत होते.

पुण्याहून गाडीनं सरळ नांदेडला गेले. आक्कानं दार उघडलं आणि बाजूला झाली. सर कॉटवर होते. माणूस अंगानं सुकला होता आणि तोंडानं सुजला होता. चष्म्याची एक काच तडकलेली. मला पाहून चष्मा नीट केला, म्हणाले, "उनास गाफास. काच तडकली तरी चष्मा अनेकवचनीच. काय विचारलं?"

"घरात किती माणसं."

"मग?"

"सिंको."

त्यांनी चादरीबाहेर हात काढला. मग एक एक बोट मिटायला लागले. "माय. बा. मनी. तू." अंगठा उभा राहिला. त्याच्याकडं ते बराच वेळ बघत होते. मी खाली बघितलं.

"आक्का," ते म्हणाले, "पाणी दे."

डॉक्टरांनी त्यांचं पाणी बांधून दिलं होतं. आक्कानं माठातून आणलं ते पेला भरून नव्हे, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण भरून. ज्या माणसानं परक्याला वर बोलावून तांब्यानं पाणी दिलं, त्याला आता टोपणानं पाणी. दिवसभराला किती टोपणं, ते आक्का तोंडानं मोजत असणार. तिचे ओठ हलत होते, माझ्या मायचे हलायचे तसे. सरांनी टोपण दोन्ही हातांनी धरलं. तोंडाला लावायच्या आधी थांबले.

"लाभ," म्हणाले, आणि प्यायले.

निघताना मी पाया पडले. "निकाल कधी?" त्यांनी विचारलं. कशाचाही आकडा न देणाऱ्या माणसानं मला तारीख विचारली. मला ती ठाऊक होती. मी म्हणाले, "लागेल की, सर. काही दिवसांत." ते हसले. मी जिना उतरेपर्यंत ते खिडकीला आले नव्हते. आक्का आली होती.

निकालाच्या आधी सर गेले. आक्काचा फोन सकाळी आला, माय खुरपायला निघालेली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उंबऱ्यावर बसून राहिली. त्या दिवशी कामाला गेली नाही. नांदेडला गोदावरीच्या काठी सरांना पोचवायला फार माणसं नव्हती. आक्काकडचे शेजारी, मशीनवर त्यांच्याशेजारी पडणारा एक पेशंट, आणि आम्ही. बा काठी टेकत आला होता. कंबर गेल्यापासून तो पहिल्यांदा एवढा लांब आला.

परत येताना एसटीत मी मायला सांगितलं की परीक्षेत मी माणसं मोजली होती, आणि त्यांत सरांनाही मोजलं होतं. माय खिडकीबाहेर बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "मोजू नये म्हणून सांगितलं होतं गं तुला." मग माझा हात हातात घेतला. "पर चांगलं केलंस."

मी शिकलेली आहे. मोजल्यानं माणूस जात नाही, सरांच्या किडन्या गेल्या होत्या, हे मला कळतं. तरीही कुणी घरात किती जण असं विचारलं की मी आजही आधी गप्प होते, मग सांगते. क्लासच्या गल्लीत गेले की झेरॉक्सच्या दुकानावर बघते. तिथं आता मोठा फलक आहे, फोटो आणि मार्कांचा.

मी पास झाले. हैदराबादच्या त्या कंपनीत मला काम मिळालं, अजून तिथंच आहे. बाला परत पोतं उचलावं लागलं नाही. माय खुरपायला जात नाही. आमच्या घरात आता भाकरी मोजून थापत नाहीत.